रिमोट डेस्कटॉप : घरून जोडलं की अक्षरं बेढब, ऑफिसात बसलं की कधीकधी तिथेही बेढब

चौकट_मोडली (प्रश्न)

ऑफिसचं मशीन विंडोज ११ प्रो, २४ इंची मॉनिटर, १९२०×१०८०, स्केल (अक्षरं-चिन्हं किती मोठी दाखवायची ते प्रमाण) १०० टक्के. घरचा लॅपटॉपही विंडोज ११, स्क्रीन १४ इंची, रिझोल्यूशन तेच १९२०×१०८०, पण स्केल १५० टक्के. व्हीपीएन लावून विंडोजमधल्याच रिमोट डेस्कटॉप कनेक्शनने जोडणी होते.

घरून जोडल्यावर ब्राउझर आणि नोटपॅड व्यवस्थित दिसतात. अकाउंटिंगचं जुनं सॉफ्टवेअर मात्र पुसट, ओला कागद बघितल्यासारखं. एका युटिलिटीत तर मेनू मोठे आणि आतल्या रकान्यांतली अक्षरं बारीक. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याच मशीनसमोर बसलं की कधी सगळं आपोआप ठीक झालेलं असतं, तर कधी अकाउंटिंगवाला तिथेही पुसट असतो. या 'कधी'चं गणित काय ते समजत नाही.

रिमोटमध्ये डिस्प्ले सेटिंग उघडलं तर स्केलचा रकाना करडा असतो आणि रिमोट सेशनमधून बदलता येणार नाही असं लिहून येतं. स्मार्ट सायझिंग (आलेलं चित्र खिडकीच्या मापात बसवणारा पर्याय) चालू केलं तर अक्षरं आणखी वाईट.

शिवाय वर्डमधलं मराठी पत्र लॅपटॉपवर दोन पानं भरतं आणि ऑफिसच्या मशीनवर दीड. फाइल तीच, झूम तोच. हे सगळं एकाच दुखण्याचं आहे की वेगवेगळं?

---

टर्मिनल_तात्या

वर्डचं दुखणं वेगळं आहे, ते कुणी फॉन्टवालं सांगेल. बाकीची सगळी लक्षणं एकाच मुळाची.

विंडोजमध्ये १०० टक्के म्हणजे ९६ डीपीआय (इंचाला किती ठिपके धरायचे तो आकडा). १२५ म्हणजे १२०, १५० म्हणजे १४४, २०० म्हणजे १९२. विंडोज ८.१ आणि सर्व्हर २०१२ आर२ पासून पुढे, जोडणी होताना क्लायंट, म्हणजे जोडणारं मशीन, आपलं स्केल पलीकडच्या मशीनला कळवतो आणि सेशनचा (लॉगइनपासून साइन आउटपर्यंतच्या बैठकीचा) पडदा त्या स्केलचा होतो. म्हणजे घरून जोडलंत की ऑफिसचं मशीन स्वतःचा २४ इंची मॉनिटर विसरून १५० टक्क्यांवर जातं. स्केल तुमच्या लॅपटॉपकडून ठरतं, म्हणूनच तो रकाना करडा.

इथपर्यंत ठीक. गोम पुढे आहे. पडद्याचा डीपीआय जोडणीगणिक बदलतो, पण 'सिस्टिम डीपीआय' नावाचा दुसरा एक आकडा असतो आणि तो लॉगइनच्या क्षणी गोठतो. साइन आउट करेपर्यंत हलत नाही. आता प्रोग्रामांच्या जाती बघा:

– काही प्रोग्राम पडद्याचा चालू डीपीआय बघून स्वतःला पुन्हा आखतात. तुमचा ब्राउझर असा आहे. त्याला काही होत नाही.
– काही फक्त सिस्टिम डीपीआय ओळखतात. तो आणि पडदा जुळत नसला की विंडोज त्यांचं तयार चित्र ताणतं किंवा आक्रसतं. पुसटपणा इथून येतो.
– काही ९६ सोडून काहीच जाणत नाहीत. पडदा १०० टक्क्यांचा नसला की हे कायम पुसट.

तुमच्या 'कधी'चं गणित यात आहे. शुक्रवारी ऑफिसात लॉगइन केलंत, सिस्टिम डीपीआय ९६ वर गोठला. घरून त्याच सेशनला जोडलंत तर तिथे पुसट, सोमवारी ऑफिसात परत सुबक. पण मधल्या रात्री अपडेट होऊन मशीन रीस्टार्ट झालं आणि पहिलं लॉगइन घरून झालं, तर आकडा १४४ वर गोठतो. मग घरी सगळं छान, आणि ऑफिसात त्याच सेशनवर परतलात की १४४ साठी आखलेलं चित्र ९६ मध्ये आक्रसून दाखवलं जातं. अकाउंटिंगवाला तिथेही पुसट. तुमचा हा प्रोग्राम कधीकधीच बिघडतो, म्हणजे तो दुसऱ्या जातीचा असणार. तिसऱ्या जातीचा असता तर ऑफिसात १०० टक्क्यांवर कधीच बिघडला नसता.

उपाय साधा, पाळायला कंटाळवाणा: जागा बदलताना डिस्कनेक्ट नको, साइन आउट. वरच्या पट्टीतल्या फुलीने खिडकी बंद करणं म्हणजे डिस्कनेक्ट. सेशन पलीकडे जिवंत राहतं. स्टार्टवर राइट क्लिक करून शट डाउन ऑर साइन आउटमधून साइन आउट घ्या, किंवा रनमध्ये लॉगऑफ टाइप करा. कंट्रोल-ऑल्ट-एंड दाबलं तरी रिमोटच्या मशीनचा तो पडदा येतो, त्यातही साइन आउट आहे. (कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबाल तर लॅपटॉपचा येईल.)

उघडी कामं सेव्ह करा, साइन आउट झालं की ती जातात. लोक डिस्कनेक्ट करतात ते यासाठीच, हे माहीत आहे.

---

खिडकीवाला

तात्यांच्या तीन जाती अंदाजाने ओळखायची गरज नाही. रिमोट मशीनवर टास्क मॅनेजर उघडा, डिटेल्समध्ये जा, रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक, सिलेक्ट कॉलम्स, त्यात 'डीपीआय अवेअरनेस'वर खूण करा. प्रत्येक प्रोग्रामसमोर अनअवेअर (तात्यांची तिसरी जात), सिस्टिम (दुसरी), पर-मॉनिटर किंवा पर-मॉनिटर व्ही-टू (पहिली) असं लिहून येतं. विंडोज १० च्या १८०९ पासून हा रकाना आहे.

'सिस्टिम' दिसलं तर साइन आउटशिवायही मार्ग आहे. प्रोग्रामच्या एक्झी फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज. वरच्या भागात 'प्रोग्राम डीपीआय' आहे. खूण करा आणि खालच्या यादीत 'आय साइन्ड इन टू विंडोज'च्या जागी 'आय ओपन धिस प्रोग्राम' निवडा. आता तो प्रोग्राम लॉगइनच्या वेळचा गोठलेला आकडा न घेता उघडतानाचा घेईल. घरी आल्यावर बंद करून पुन्हा उघडा, सुबक. ऑफिसात गेल्यावर परत एकदा तेच. अख्ख्या साइन आउटपेक्षा हे परवडतं.

'अनअवेअर' दिसलं तर त्याच खिडकीत खाली 'ओव्हरराइड हाय डीपीआय स्केलिंग' आहे. तिथे 'सिस्टिम एन्हान्स्ड' लावून पाहा. प्रोग्राम विंडोजच्या जुन्या पद्धतीने, म्हणजे जीडीआयने अक्षरं काढत असेल तर विंडोज चित्र न ताणता अक्षरंच मोठी काढतं. प्रोग्राम स्वतः बिटमॅप रंगवत असेल तर काही फरक पडणार नाही, उलट रकाने एकमेकांवर चढू शकतात. तसं झालं तर काढून टाका.

तुमच्या युटिलिटीचं – मेनू मोठे, आतली अक्षरं बारीक – बहुतेक हे: कुणीतरी याच यादीत 'ॲप्लिकेशन' निवडून ठेवलंय. म्हणजे विंडोजला सांगितलंय की तू हात लावू नकोस, प्रोग्राम स्वतःचं बघेल. आणि प्रोग्राम अर्धंच बघतो. खूण काढा. पुसट पण प्रमाणात दिसेल.

प्रोग्राम जावाचा असेल तर आधी जावाची आवृत्ती बघा. ८ पर्यंतच्या स्विंगला (जावाच्या खिडक्या-बटणं काढणाऱ्या संचाला) विंडोजचं स्केल कळत नाही, ९ पासून कळतं. ९ च्या पुढे यूआय-स्केलचा पर्याय देऊन आकडा हाताने बांधता येतो.

---

पिक्सेलपंत

एवढा व्याप कशाला? जोडण्याआधी लॅपटॉपचं स्केल १०० करा. दोन्हीकडे ९६, प्रश्न मिटला.

---

टर्मिनल_तात्या

प्रश्न मिटेल, डोळेही मिटतील. हिशेब करा. २४ इंची १९२०×१०८० वर इंचाला ९२ पिक्सेल, १४ इंचीवर त्याच रिझोल्यूशनला १५७. विंडोजची ९ पॉइंटची अक्षरं १०० टक्क्यांवर १२ पिक्सेलांत बसतात. २४ इंचीवर ते १२ पिक्सेल ३.३ मिलिमीटर होतात, १४ इंचीवर जेमतेम १.९. १५० टक्क्यांवर तीच अक्षरं १८ पिक्सेलांची, म्हणजे २.९ मिलिमीटर. लॅपटॉपवर १५० हे लाडाकोडाचं स्केल नाही, गरजेचं आहे.

तडजोडच करायची तर दोन्हीकडे १२५ ठेवा. लॅपटॉपवर २.४ मिलिमीटर, मॉनिटरवर ४.१. मॉनिटरवर जागा कमी पडेल, १५३६×८६४ इतकीच उरल्यासारखी. पण दोन्हीकडचा आकडा एकच असेल तर गोठण्या-वितळण्याचा प्रश्नच राहत नाही, साइन आउटही नको. दिवसभर एकाच 'सिस्टिम' जातीच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे सोयीचं पडतं. 'अनअवेअर' असेल तर मात्र १२५ वर ते दोन्हीकडे पुसट होईल, हे आधी तपासा.

स्मार्ट सायझिंगचंही सांगून टाकतो. ते फॉन्टला हात लावत नाही. १९२० रुंदीचं आलेलं चित्र १५३६ रुंदीच्या खिडकीत बसवायचं तर १२ पिक्सेलांचं अक्षर ९.६ पिक्सेलांत कोंबावं लागतं. पुसट होणारच. ते बंद करा आणि आरडीपी फाइलमध्ये (जोडणीची सेटिंग्ज जिच्यात सेव्ह होतात ती) डायनॅमिक रिझोल्यूशनचा आकडा १ ठेवा; मग खिडकी लहानमोठी केली की पलीकडचं रिझोल्यूशनच बदलतं.

रिमोट डेस्कटॉप कनेक्शनच्या एक्स्पीरियन्स टॅबमधल्या 'फॉन्ट स्मूदिंग'वर खूण आहे ना, तेही बघा. ती नसली तर अक्षरं कडांना तुटकी आणि हडकुळी दिसतात, आकार तोच असून लहान वाटतात. मंद कनेक्शनचा पर्याय निवडला की ही खूण जाते.

---

वेलांटी

वर्डच्या पत्राबद्दल. रिमोट डेस्कटॉप फॉन्ट वाहून नेत नाही. अक्षरं पलीकडच्या मशीनवर, तिथल्या फॉन्टने काढली जातात, इकडे येतं ते चित्र. तेव्हा दोन पानं आणि दीड पान हा फरक दोन मशीनवरच्या फॉन्टांचा आहे, स्केलचा नाही. स्केल बदलल्याने पानांची संख्या बदलत नसते.

मराठीच्या बाबतीत नेहमीचा संशयित म्हणजे मंगल. विंडोज ७ पर्यंत तो सगळीकडे होता. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे चौघे मूळ इन्स्टॉलेशनमधून निघाले आणि 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या वैकल्पिक फीचरमध्ये गेले. मुळात उरला निर्मला यूआय. भाषांच्या यादीत मराठी किंवा हिंदी घातली की हे फीचर सहसा आपोआप येतं. घरच्या लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड घेतलेला असतो म्हणून तिथे मंगल आहे. ऑफिसचं मशीन नुसत्या इंग्रजीवर लावलेलं असेल तर तिथे नाही. मग वर्ड मंगलच्या जागी निर्मला वापरतं. मंगलच्या ओळी चांगल्याच उंच असतात, त्याच पॉइंटला निर्मलाच्या ओळी बुटक्या. दोन पानांचं दीड पान होणं याला अगदी जुळतं.

खात्री करायची तर ऑफिसच्या मशीनवर वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, 'शो डॉक्युमेंट कंटेंट' या भागात फॉन्ट सबस्टिट्यूशनचं बटण आहे. कुठला फॉन्ट सापडला नाही आणि त्याऐवजी कुठला घेतला ते तिथे दिसतं. फीचर घालायचं तर सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्स शोधा आणि त्या यादीत देवनागरी. ॲडमिनचे अधिकार लागतात, म्हणून ऑफिसच्या आयटीवाल्यांना सांगावं लागेल.

आणखी एक सापळा, जो फार जणांना ठाऊक नसतो. वर्डच्या फॉन्टच्या खिडकीत (कंट्रोल-डी) 'लॅटिन टेक्स्ट' आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असे दोन वेगळे भाग असतात, प्रत्येकाला वेगळा फॉन्ट आणि वेगळा पॉइंट. देवनागरीला दुसरा लागू होतो. रिबनवर १२ दिसतं, पण कॉम्प्लेक्सच्या रकान्यात १० किंवा ११ पडलेलं असू शकतं. नवं पत्र प्रत्येक मशीनच्या स्वतःच्या नॉर्मल टेम्पलेटवरून सुरू होतं, तेव्हा एकाच माणसाची दोन मशीनवरची पत्रंसुद्धा जुळत नाहीत. दोन्हीकडे कंट्रोल-डी उघडून चारही रकाने सारखे करा आणि 'सेट ॲज डिफॉल्ट' दाबा.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेली पत्रं असतील तर गोष्टच वेगळी. फॉन्ट नसला की आकार बदलत नाही, थेट इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. ती फाइल बिघडलेली नसते.

---

चौकट_मोडली

ऑफिसच्या मशीनवर देवनागरी फीचर खरंच नव्हतं. सबस्टिट्यूशनमध्ये मंगलसमोर निर्मला यूआय. आयटीकडे अर्ज टाकलाय.

टास्क मॅनेजरमध्ये अकाउंटिंगसमोर 'सिस्टिम'. 'आय ओपन धिस प्रोग्राम' लावलं, घरी सुबक दिसतंय. युटिलिटीवर 'ॲप्लिकेशन'ची खूण सापडली, काढली.

आता दोन शंका. एक, आमच्याकडे एक जुना सर्व्हर २००८ आर२ आहे, त्यावर घरून जोडलं की अक्षरं मुंगीएवढी. दोन, रिमोटचं स्केल लॅपटॉपकडून न घेता कायमचं बांधून टाकता येतं का?

---

टर्मिनल_तात्या

२००८ आर२ क्लायंटचं स्केल ऐकतच नाही, तो पिढीने आधीचा. तिथे सेशन ९६ वरच उघडणार. मार्ग क्लायंटच्या बाजूने. जोडलेल्या खिडकीच्या टायटल बारमध्ये डाव्या कोपऱ्यातल्या आयकॉनवर क्लिक करा, मेनूत 'झूम' दिसेल. १५० ठेवलंत तर चित्र दीडपट होईल, थोडं पुसटही. पूर्ण पटीत सगळ्यात स्वच्छ दिसतं: ४के (३८४०×२१६०) लॅपटॉप असेल तर डिस्प्ले टॅबमध्ये १६००×९०० चं सेशन घ्या आणि झूम २००. एका पिक्सेलचे नेमके चार होतात आणि खिडकी ३२००×१८०० मध्ये मावते. तुमच्या १९२०×१०८० वर मात्र झूम १५० साठी सेशन १२८०×७२० च्या आतच घ्यावं लागेल, नाहीतर सरकपट्ट्या. फॉर्म मावत नसतील तर १२५ वर भागवा.

(नेटवर एक मॅनिफेस्टची युक्ती फिरते: एमएसटीएससीच्या (रिमोट डेस्कटॉप कनेक्शनच्या प्रोग्राम फाइलच्या) शेजारी मॅनिफेस्ट फाइल (प्रोग्राम कसा चालवायचा ते विंडोजला सांगणारी) ठेवून त्याला स्केल न कळणारा बनवायचं. चालते, पण त्यासाठी रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात) बाहेरच्या मॅनिफेस्टला प्राधान्य द्यायची जी किल्ली लावतात ती त्या एकट्या प्रोग्रामपुरती नसते, अख्ख्या लॅपटॉपला लागू होते. झूम असताना तिच्या वाटेला जाऊ नका.)

दुसरी शंका: हो, बांधता येतं. ऑफिसच्या मशीनवर, विंडोज १० किंवा ११ असेल तर. इथे नावं देवनागरीत आहेत, टाइप करताना इंग्रजीत आणि सलग लिहा. एचकी लोकल मशीनखाली सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, टर्मिनल सर्व्हर, विनस्टेशन्स इथे जा आणि 'इग्नोअर क्लायंट डेस्कटॉप स्केल फॅक्टर' नावाची डीवर्ड किल्ली बनवून किंमत १ द्या. मग सेशन क्लायंटचं स्केल मानत नाही. वापरणाऱ्याचं स्वतःचं स्केल एचकी करंट युझरखाली कंट्रोल पॅनेल, डेस्कटॉपमध्ये 'लॉग पिक्सेल्स'मध्ये असतं. सोबत 'विन८ डीपीआय स्केलिंग' १ ठेवा. साइन आउट करून पुन्हा या.

लॉग पिक्सेल्स भरताना डेसिमल निवडा. रजिस्ट्री एडिटर सुरुवातीला हेक्साडेसिमलवर (दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजणाऱ्या पद्धतीवर) असतो. तिथे १२५ टक्क्यांसाठी १२० टाइप केलंत तर ते हेक्समधले १२०, म्हणजे २८८, म्हणजे ३०० टक्के. लॉगइन झाल्यावर अख्ख्या पडद्यावर एकच खिडकी मावते आणि एडिटरपर्यंत पोचताना नाकी नऊ येतात. हेक्समध्येच लिहायचं तर १२५ टक्क्यांसाठी ७८ आणि १५० साठी ९०.

ही किल्ली मशीनवर येणाऱ्या सगळ्यांना लागू होते. एकट्याच्या मशीनवर ठीक, दहाजणांच्या टर्मिनल सर्व्हरवर लावलीत तर ४केवाले शिव्या घालतील.

---

पेंग्विन_पुणेकर

लिनक्सवरून जोडणाऱ्यांसाठी भर. फ्री-आरडीपी (लिनक्सवरचा रिमोट डेस्कटॉप क्लायंट) आपणहून स्केल कळवत नाही, म्हणून ४के लॅपटॉपवरून विंडोजमध्ये शिरलं की सगळं इवलंसं. 'स्केल-डेस्कटॉप'ला १०० ते ५०० मधला आकडा द्या. पण त्याच्या जोडीला 'स्केल-डिव्हाइस' असतो आणि तो १००, १४० किंवा १८० यांपैकीच लागतो. प्रोटोकॉलचा नियमच असा आहे की दोघांतला एक चुकला तर सर्व्हर दोन्ही सोडून देतो, चूक दाखवतही नाही. डिव्हाइसला १५० दिलं आणि 'स्केल चालत नाही' असं म्हणत बसणारे बरेच दिसतात. शंका असेल तर डिव्हाइस १०० ठेवा आणि फक्त डेस्कटॉपचा आकडा हलवा.

उलट दिशेने, म्हणजे लिनक्स मशीनवर एक्सआरडीपीने (लिनक्सवरच्या रिमोट डेस्कटॉप सर्व्हरने) शिरत असाल आणि तिथे एक्सएफसीई हा डेस्कटॉप असेल, तर ॲपिअरन्समध्ये फॉन्ट्सच्या टॅबवर कस्टम डीपीआय असतो. ती सेटिंग युझरची, सेशनची नाही. म्हणून रिमोटसाठी १४४ केलं की त्या मशीनसमोर बसल्यावरही १४४ च मिळतं. दोन वेगळे आकडे हवे असतील तर सेशन सुरू होतानाच्या स्क्रिप्टमध्ये रिमोट आहे का ते तपासून बदलावा लागतो.

व्हीएनसीत (पडदा दुरून बघण्याची दुसरी एक पद्धत) हा प्रश्नच नाही. तिथे समोरचा पडदा आहे तसा चित्र म्हणून येतो, व्ह्यूअर फक्त लहानमोठा करतो. पलीकडचे फॉन्ट मोठे हवेत तर पलीकडचंच स्केल बदला.

---

चौकट_मोडली

एक राहिलं. विंडोजच्या ॲक्सेसिबिलिटीत 'टेक्स्ट साइझ'ची सरकपट्टी आहे. ती लॅपटॉपवर १२० ला आहे. ती रिमोटमध्ये जाते का?

---

खिडकीवाला

नाही. जोडताना जातं ते फक्त डिस्प्लेचं स्केल. टेक्स्ट साइझ ही १०० ते २२५ मधली वेगळी सेटिंग, त्या त्या मशीनवर त्या त्या युझरची. पण ती स्केलसारखी करडी नसते, रिमोट सेशनमध्ये शिरून बदलता येते. ऑफिसच्या मशीनवर १२० करून बघा, मात्र तिथे प्रत्यक्ष बसाल तेव्हाही ती १२० च असेल. अकाउंटिंगवाल्यासारख्या जुन्या प्रोग्रामांत तिने शीर्षकपट्टी आणि मेनू वाढतात, आतले रकाने सहसा तसेच राहतात. युटिलिटीची ती खूण काढूनही मेनू मोठे आणि रकाने बारीक दिसत असतील तर आधी ऑफिसच्या मशीनवरची ही पट्टी तपासा.